काईटसर्फिंगसाठी रामेश्वरम: आधी वारा, मग तिकीट

मराठवाड्यातून रामेश्वरमला जाणाऱ्यांची कमी नाही. ओखा–रामेश्वरम ही साप्ताहिक गाडी संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत खाली उतरते, आणि तिच्यात काशीची गंगा घेऊन निघालेली मंडळी हमखास भेटतात. या फेब्रुवारीत त्याच गाडीने लातूर-अंबाजोगाईकडचा एक छोटा गट गेला तो पाण्यावर पतंग उडवायला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने पायाखालच्या फळीवर (बोर्डवर) पाण्यावरून सरकायला. बियाण्यांचं दुकान असलेले एक काका (वजन ९२ किलो), एक डॉक्टर ताई (५४ किलो) आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा. वजनं मुद्दाम दिली आहेत, कारण या खेळात सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

निघण्याआधी

आधी महिना ठरवायचा, मग जागा. मंडपम-रामेश्वरम पट्ट्यात वाऱ्याचे दोन हंगाम असतात: साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आणि जानेवारी ते मार्च ईशान्येचा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा. एप्रिलमध्ये वारा दिशा बदलत असतो, त्यामुळे भरवशाचा नाही. जून-जुलैत कोकण भिजत असतं तेव्हा रामेश्वरम ज्यात येतं तो रामनाथपुरम जिल्हा कोरडा असतो, कारण पश्चिम घाट पाणी अलीकडेच उतरवून घेतो आणि पलीकडे पोचतो तो नुसता वारा. पर्जन्यछाया म्हणजे काय हे मराठवाड्याला सांगायला नको. आपल्याकडे नुसता वारा सुटला की जीव खाली-वर होतो, तिथं त्याच वाऱ्यावर खेळ चालतो. शिवाय भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वारा दाबला जाऊन वेग घेतो.

शिकाऊ माणसाने फेब्रुवारी धरावा. ईशान्येचा वारा नैऋत्येच्या वाऱ्यापेक्षा मवाळ असतो, उत्तरेकडचा पाल्कचा उपसागर उथळ आहे आणि वारा तिरका किनाऱ्याकडे वाहतो, म्हणजे चुकलात तरी काठावर येऊन पडता. शेतीवाल्यांनाही हा महिना सोयीचा, जून-जुलैत पेरणी सोडून कोण जाणार? महाशिवरात्रीचा आठवडा मात्र टाळा. रामेश्वरममधल्या खोल्या त्या वेळी मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत.

काईट किती मोठी लागेल याचा ढोबळ हिशेब असा: किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले वाऱ्याचा वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वारा १६ नॉट असेल तर ताईंना साडेसात चौरस मीटरच्या आसपास आणि काकांना साडेबारा. शिकताना याहून एक नंबर लहान घ्यायची. म्हणून शिकवणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो फीचा नाही: ७, ९ आणि १२ अशा तिन्ही मापांच्या काईट आहेत का? दुसरा, अडीअडचणीला बोट पाण्यात असते का? तिसरा, वारा नसेल त्या दिवसाचे तास पुढे सरकतात की बुडतात? फी बहुतेक ठिकाणी तासांवर असते, त्यामुळे हे आधी बोलून घ्यावं. प्रवास विमा काढला असेल तर साहसी खेळ त्यातून वगळलेत का तेही वाचावं. बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

घरी करण्यासारखी दोन कामं आहेत. दोन-तीन चौरस मीटरची सरावाची काईट मिळाली तर कापणी झालेल्या रानात, महावितरणच्या तारांपासून लांब, रोज अर्धा तास उडवा. संक्रांतीच्या पतंगाला ढील देणारा हात इथं कामाला येतो, पण खेचाखेचीची सवय मोडावी लागते. दुसरं काम पोहण्याचं. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस दमला की कडेला हात लावतो. समुद्रात कड नसते. पाय न टेकवता, घाई न करता पाण्यात बराच वेळ राहता आलं पाहिजे.

रविवार: रामनाथपुरम, मग किनारा

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरली. विमानाने जायचं तर मदुराई जवळ पडतं, तिथून पुढे रस्त्याने साधारण पावणेदोनशे किलोमीटर. स्वतःची काईट असेल तर विमान कंपनीला खेळाचं साहित्य म्हणून आधी कळवायचं.

मुक्काम रामेश्वरम गावात न करता अलीकडे, पाल्क उपसागराच्या काठावर पिरप्पनवलसई-अरियामान भागात केला. रामेश्वरम हे बेट आहे, गावात राहिलं तर रोज पांबनचा पूल ओलांडून ये-जा करण्यात सकाळ जाते. खोलीमागे ताडाची रांग होती. पहिल्याच संध्याकाळी कळलं की वाऱ्याचा अंदाज मोबाईलआधी हीच झाडं देतात: पानं नुसती हलत असतील तर थांबा, एकमेकांवर आपटून कडकड वाजायला लागली की सामान काढा.

रात्री केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि तळलेली सुरमई. काकांनी डब्यातला ठेचा काढला तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी बोट लावून चाखला, मान डोलावली आणि आतून गोल, बुटक्या लाल मिरच्यांची वाटी आणून शेजारी ठेवली. रामनाथपुरमची मुंडू मिरची ती. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिखटपणात लवंगीपुढे टिकत नाही, पण रंग आणि वास जोरदार.

सोमवार: कोरड्या वाळूवर

पहिल्या दिवशी पाण्यात जायला मिळत नाही म्हणून भाचा खट्टू झाला. पण अपघात होतात ते बहुतेक वाळूवर, काईट उचलताना आणि उतरवताना, त्यामुळे हा दिवस कुणी घाईत उरकत असेल तर ती शाळा सोडून द्यावी.

आधी वाऱ्याची खिडकी, म्हणजे काईट जिथे उडू शकते ती जागा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. समोर अर्ध्या घड्याळाची कमान धरायची: डाव्या हाताला ९, डोक्यावर १२, उजवीकडे ३. कमानीच्या कडेला काईट शांत असते, ओढ कमी. कडेवरून समोर, वाऱ्याच्या दिशेने खोल गेली की तिथे सगळी ताकद. कडेकडेने उडवायला शिकणं हाच पहिला धडा.

मग जोडणी. काईटच्या पुढच्या कडेला फुगवायची जाड नळी असते. पंपाची दोरी आधी काईटला अडकवायची, नाहीतर अर्धी फुगलेली काईट वारा घेऊन जातो. हवा साधारण ६ ते ८ पीएसआय. टिचकी मारल्यावर पिकलेल्या कलिंगडासारखा घुमला तर कमी आहे, टणक वाजला तर पुरे. फुगली की उलटी करून पुढची कड वाऱ्याकडे करायची आणि कापडावर दोन-चार ओंजळी वाळू टाकायची.

हातात धरायच्या दांड्यापासून, म्हणजे बारपासून, चार लाईन (दोऱ्या) निघतात, लांबी २० ते २४ मीटर. मधल्या दोन पुढच्या नळीच्या कण्यांना (पतंगाला बांधतो तशा दोऱ्यांना), बाहेरच्या दोन टोकांना. लाल बाजू डाव्या हाताला. बांधल्यावर बारपासून काईटपर्यंत लाईन बोटांत धरून चालत जायचं, एक पीळ किंवा अढी राहिली तरी सापडते. आळस केला तर काय होतं ते शेजारच्या एका पाहुण्याने दाखवलं. त्याच्या दोन लाईन आडव्या गेल्या होत्या. काईट वर गेली, डावीकडे वळवायला गेला तर उजवीकडे गरगरली आणि सपकन वाळूत आली. माणूस चार पावलं फरपटला. त्याने बार वेळेवर सोडला म्हणून एवढ्यावर भागलं.

सुटकेच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या झोपेतही आठवायला हव्यात. पहिली, बार सोडून द्यायचा, ओढ बरीचशी जाते. दुसरी, क्विक रिलीज (झटक्यात सुटणारी कळ) ढकलायचा, काईट एकाच लाईनवर लोंबते आणि मरगळते. तिसरी, सेफ्टी लीश (काईटला तुमच्याशी जोडून ठेवणारी शेवटची दोरी) तोही सोडायचा, काईट गेली तर जाऊ द्या. प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी दुसरी पायरी ढकलून तपासायची, कारण वाळू आणि मीठ साचून ती अडकते. जोडताना आधी लीश, मग मधला लूप (बारला अंगावरच्या पट्ट्यात अडकवणारी कडी). सोडताना आधी लूप, शेवटी लीश.

काकांची अडचण पहिल्याच उड्डाणात दिसली. "आवो, हा तर वढूलालाय की वो!" म्हणत त्यांनी बार छातीशी घेतला. घाबरला की माणूस बार ओढतो, आणि बार ओढला की ताकद वाढते, आणखी घाबरतो, आणखी ओढतो. ताईंनी मागून ओरडून सांगितलं, "काका, ढील द्या, ढील!" तेवढं मात्र लगेच समजलं.

उभं राहण्याच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला किमान ५० मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे लाईनच्या दुप्पट. इथे वारा किनाऱ्याकडे वाहतो आणि किनाऱ्यामागे ताड, त्यामुळे काईट उचलायची ती गुडघाभर पाण्यात उभं राहून. काईट धरणाऱ्याला अंगठा दाखवला की सोड. कापड फडफडत असेल तर अंगठा दाखवायचा नाही, वारा येतो तिकडे दोन पावलं सरकून परत बघायचं. उतरवायची असेल तर डोक्यावर थाप. वाऱ्यात बोललेलं ऐकू जात नाही.

मंगळवार: बोर्डशिवाय

सकाळी नऊला वारा आठ नॉट. अकरापर्यंत चौदा. फेब्रुवारीत हा रोजचा क्रम: जमीन तापली की समुद्रावरचा वारा ईशान्येच्या वाऱ्याला जोर देतो. त्यामुळे पहाटे उठून समुद्राकडे बघत बसण्यात अर्थ नाही, इडली-पोंगल खाऊन दहाला या.

आजचं काम काईटच्या ओढीने नुसत्या अंगाने सरकायचं. वाऱ्याबरोबर जाणं सोपं. वाऱ्याच्या तिरकं वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जायला मात्र काईट दहा किंवा दोनच्या जागी स्थिर ठेवायची, कुशीवर व्हायचं, एका हाताने बार धरायचा आणि दुसरा हात पाण्यात पुढे ताठ रोवायचा. तो हात सुकाणूचं काम करतो. कंटाळवाणं वाटतं, पण पुढे सुटलेला बोर्ड परत आणायचा हाच मार्ग आहे. बोर्ड दोरीने पायाला बांधला तर ताण सुटल्यावर तो उलट येऊन डोक्यात बसतो.

काईट पाण्यात पडली तर घाबरायचं नाही. बाहेरची एक लाईन धीराने ओढून धरायची, काईट लोळत कडेला जाते आणि उठते. वारा कमी असेल तर वेळ लागतो.

पाणी कोमट असल्यामुळे जाड वेटसूट लागत नाही. लांब बाह्यांचा लायक्रा, पातळ रबरी बूट (तळाशी शिंपल्यांचे तुकडे आहेत), हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट (आपटल्यावर मार कमी लागावा म्हणून). चष्म्याला पट्टा. सनस्क्रीन झिंकचं, ओठांनाही. हार्नेस (काईटची ओढ अंगावर घेणारा पट्टा) कमरेचा की बसायचा? पोट असेल तर बसायचाच घ्या. कमरेचा बरगड्यांपर्यंत वर सरकतो आणि दुसऱ्या दिवशी हसतानाही दुखतं.

बुधवार: वारा पडला

आभाळ भरून आलं. ढग आले की जमीन तापत नाही, दुपारचा जोर येत नाही. दिवसभर सहा-सात नॉट. आठवडाभराच्या सहलीत असे एक-दोन दिवस धरूनच चालायचं. तीनच दिवस हाताशी ठेवून येणारे लोक अशा दिवशी शिकवणाऱ्याशी भांडतात.

पण हा दिवस वाया गेला नाही. किनाऱ्यावर बायका समुद्री शेवाळाची लागवड करत होत्या. बांबूचा चौकोनी तराफा, साधारण तीन मीटर बाय तीन मीटर, त्यावर आडव्या दोऱ्या, आणि दोरीला मूठ-मूठभर कप्पाफायकस शेवाळाचे तुकडे बांधायचे. एका आजींची बोटं इतकी झरझर चालत होती की गाठ कधी पडली ते दिसत नव्हतं. पीक साधारण पंचेचाळीस दिवसांचं, यातून खाद्यपदार्थांना घट्टपणा आणणारा कॅराजीनन काढतात. बियाण्यांचे काका तिथून हलेनात. बी कुठून आणता, रोग काय पडतो, मासे खातात का? भाषा अडली तिथे हातवारे. शेवटी आजींनी त्यांनाच गाठी मारायला बसवलं आणि त्यांनी मारलेल्या गाठी मागून सोडून परत बांधल्या.

काईटवाल्यांसाठी यातली कामाची गोष्ट: हे तराफे आणि जाळ्यांच्या काठ्या पाण्यात कुठे आहेत ते वारा नसलेल्या दिवशी चालत बघून ठेवा. लाईन तराफ्यात अडकली तर दोघांचंही नुकसान, आणि त्यांचं ते पोट आहे.

दुपारी पांबन. १९१४ चा जुना पूल आणि शेजारी एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा. नव्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होत असे. म्हणजे सुमारे ३१ नॉट. शिकाऊ माणसाने त्याच्या कितीतरी आधी, २० नॉटलाच आपला लाल सिग्नल धरावा.

येताना रस्त्यावर उकडलेले ताडाचे कोंब घेतले. सोलायचे, मधला दोरा काढायचा आणि मीठ-तिखट लावून खायचे. रताळ्याच्या जवळपास जाणारी चव, पण दातांत धागे अडकतात.

गुरुवार: बोर्ड

आभाळ स्वच्छ, दुपारी बारालाच सतरा नॉट, पांढऱ्या लाटा सगळीकडे. ताईंना ७, भाच्याला ९, काकांना १२ पण डिपॉवरचा (ताकद कमी करणारा) पट्टा ओढून.

पाण्यात बसायचं, काईट बाराला, बोर्ड पायांत, गुडघे छातीजवळ. मग काईट बारावरून दोनकडे झपकन खाली आणायची. ती ओढते आणि तुम्ही उठता. उठताना पुढचा पाय वाऱ्याच्या दिशेला लांब, मागचा दुमडलेला. उठल्याबरोबर काईट परत वर आणि पुन्हा खाली, म्हणजे वेग टिकतो. वेग आला की मग टाचांवर भार देऊन बोर्डाची कड पाण्यात रोवायची.

चुका ठरलेल्या. ओढ लागण्याआधीच उभं राहायचा प्रयत्न केला की तोंडावर. उठल्यावर काईट बारालाच राहू दिली की बोर्ड हळूहळू बुडतो. नजर बोर्डाकडे गेली की बोर्ड तिकडेच खाली जातो, बघायचं जायच्या दिशेला. आणि बार पूर्ण आत ओढून धरला की काईट मागे ढासळते. चांगल्या वाऱ्यातही ती पडायला लागली तर ९९ टक्के हेच कारण.

सगळ्यात आधी उठल्या त्या डॉक्टर ताई. हलक्या माणसाला सोपं जातं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की त्या सांगितल्याशिवाय बार ओढत नव्हत्या. भाचा ताकदीवर गेला आणि दुपारभर पाणी प्यायला. काकांना १३८ सेंटीमीटरचा बोर्ड दिला होता, तो त्यांना पेलत नव्हता. १५० चा रुंद बोर्ड दिल्यावर ते पंधरा-वीस मीटर गेले. भारी माणसाने मोठी काईट मागण्याआधी मोठा बोर्ड मागावा. मोठी काईट चुकीला जास्त ताकदीने शिक्षा करते.

शुक्रवार: धनुषकोडी

सकाळी स्वतःची सुटका करण्याचा सराव. क्विक रिलीज ढकलायचा, सेफ्टीची लाईन हातावर हात टाकत ओढून बारच्या टोकांना गुंडाळत काईटपर्यंत जायचं, गाठ मारायची, मग काईटवर पोट टेकून तिचं शीड करून काठाला यायचं. लाईन हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळायची नाही. काईटने परत वारा धरला तर ती लाईन सुरीसारखी कापते.

दुपारी धनुषकोडी. वाळूची निमुळती पट्टी, एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसरीकडे मन्नारचं आखात. वारा कुठलाही असो, एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाणी. अनुभवी लोकांना याचीच ओढ. पण सपाट बाजूला वारा जमिनीकडून समुद्रात वाहतो. तिथे काईट पडली की तुम्ही आत जाता. नैऋत्येच्या वाऱ्यात ही आतली दिशा म्हणजे उत्तर, आणि त्या बाजूला श्रीलंकेची सागरी हद्द फार लांब नाही. बोट सोबत नसेल तर नवख्याने तिथे पाण्यात उतरू नये. दक्षिणेकडची २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत, परवानगीशिवाय तिथे पाय ठेवायचा नाही.

पडकं चर्च, स्टेशनच्या भिंती. २२–२३ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या चक्रीवादळाने गाव आणि पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी दोन्ही नेलं. तिथे परभणीकडच्या यात्रेकरूंची बस भेटली. नऊवारीतल्या एका मावशींनी काकांच्या गळ्याभोवतीचा उन्हाचा पट्टा बघून विचारलं, "कुठलं देवदर्शन केलंसा बाबा, इतकं भाजून?" काकांनी पतंगाचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "ह्या वयात?" आणि मग, "किती घेतात?"

गाड्यांना इथून संध्याकाळी परतावं लागतं, त्यामुळे दुपारी तीनच्या आत पोचा.

शनिवार: आवराआवर

शेवटचे दोन तास, चौदा नॉट. ताई दोन्ही दिशांना जाऊन आल्या, वळताना मात्र त्यांना बसावं लागत होतं. भाचा सरळ रेषेत शंभरेक मीटर. वाऱ्याच्या वर जाऊन निघाल्या जागी परत येणं कुणालाच जमलं नाही, ते पहिल्या सहलीत बहुतेकांना जमत नाही. काठाने बोर्ड काखेत मारून चालत यायचं, शिकाऊंचा हा रस्ताच आहे.

सामान आवरताना गोडं पाणी जपून वापरा, हा जिल्हा पाण्याच्या बाबतीत आपल्यासारखाच आहे. बार, लाईन आणि हार्नेस एका बादलीत बुचकळले तरी पुरतं. क्विक रिलीज पाण्यातच चार-पाच वेळा उघडझाप करा, आतली वाळू निघते. काईट सावलीत वाळवायची. फुगवलेली काईट उन्हात ठेवली तर आतली हवा प्रसरण पावते आणि ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) शिवणीजवळ फाटतो, शिवाय उन्हाने कापड कमजोर होतं ते वेगळंच. पंक्चरचे पॅच, व्हॉल्व्हचा जादा चिकटवणारा तुकडा आणि एक जादा कणी एवढं स्वतःचं ठेवा, आजूबाजूच्या गावांत ते मिळत नाही.

पुढच्या खेपेसाठी काकांनी बसायचा हार्नेस आणि १५० चा बोर्ड आधीच सांगून ठेवला आहे. आजींनी दिलेला वाळलेल्या शेवाळाचा पुडका दुकानाच्या काउंटरवर आहे, गिऱ्हाईक विचारतं हे कशाचं बी आहे म्हणून.